यादीत नसलेली दुर्बीण

दौलतनाना म्हटलं की माझ्यासमोर उभा राहतो तो एक डोळा मिटून बंदुकीच्या नळीतून आभाळाकडे बघणारा माणूस. धुळ्याच्या आमच्या कचेरीत शस्त्र परवान्यांची शाखा होती. वर्षअखेरीला परवाने नवे करायचे दिवस आले की साऱ्या जिल्ह्यातल्या बंदुका आमच्या व्हरांड्यात येऊन टेकत. कुणी गोधडीत गुंडाळून आणी, कुणी बायकोच्या जुन्या लुगड्यात. कागदावर त्या सगळ्या रानडुकरांसाठी घेतलेल्या असत, प्रत्यक्षात बऱ्याचशा लग्नाच्या वरातीतच वाजत. आम्ही कारकून मंडळी बंदुकीवरचा नंबर परवान्याशी ताडून बघत असू. नळी साफ आहे की नाही हे बघायला कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ते काम नानांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

ते शाखेचे शिपाई. फौजेतून हवालदार म्हणून सुटलेले आणि माजी सैनिकांच्या जागेवर आमच्याकडे लागलेले. नळीत गंज दिसला की भल्या भल्या पाटलाला व्हरांड्यात उभं करून फौजी हिंदीत झाडत. "बंदूक है या चूल्हे की फुंकनी?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाटील ओशाळून हसे, आणि पुढच्या वर्षी नळी लखलखीत करून आणी. मग नाना त्याला काही म्हणत नसत, नुसती मान हलवत. त्या मान हलवण्यासाठी माणसं आठ आठ दिवस आधी तेलाची चिंधी फिरवत बसत, हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. अमळनेरची मुलगी, धुळ्यात पाचव्या गल्लीत मावशीकडे राहायची, आणि शाखेत बाई म्हणून मी एकटीच. पहिल्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच विनापरवाना आले आहे. नानांनी फक्त एक खुर्ची आणून आवक-जावकच्या टेबलाशी ठेवली, तिचा एक पाय आखूड होता म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली, आणि "बैठिये, ताई" म्हणून निघून गेले. ती घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदललेली असे. कधी बदलत, ते मला एकदाही दिसलं नाही.

आवक-जावक म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारून नंबर टाकायचा. नानांची त्या नंबरावर जी श्रद्धा होती ती मला पुढे फारशी कुणात दिसली नाही. कुणी बाहेरचा माणूस गयावया करत आला, की नाना त्याला आधी विचारत, कागदाला नंबर पडला का? पडला नसेल तर त्याची रडकथा ऐकूनसुद्धा घेत नसत. पडला असेल तर मात्र स्वतः टेबलाटेबलावर फिरून तो कागद शोधून देत. नंबर पडला म्हणजे सरकारनं ऐकलं, असं त्यांचं म्हणणं. मला हसू यायचं. नंबर मी टाकत होते आणि सरकार काय काय ऐकतं ते मला चांगलं माहीत होतं.

खोट्याचा त्यांना शारीरिक त्रास होई. एकदा हेडक्लार्क दुपारी घरी झोपायला गेले होते आणि साहेबांनी विचारलं, कुठे आहेत. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, बँकेत गेलेत. साहेबांनी सहज नानांकडे पाहिलं. नाना घामाघूम झाले, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, "साहेब, मैं नहीं बोलूंगा." हेडक्लार्क त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. आम्हीही थोडे फुरंगटलोच होतो. इतकं सोवळं कशाला पाळावं माणसानं, असं मी तेव्हा मावशीला म्हणाल्याचं आठवतं.

एका संक्रांतीला त्यांच्या घरी गेले होते. दोन खोल्यांचं घर. शेवंताकाकू, म्हणजे नानांच्या पत्नी, मोठ्या हसऱ्या. नाना फौजेबरोबर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची निळी टोपी घालून कांगोत जाऊन आलेले होते हे मला तिथं कळलं, कारण ते घर म्हणजे कांगोच्या सामानाचं कोठारच होतं. काडतुसं ठेवायच्या लोखंडी पेटीत काकूंचं कैरीचं लोणचं होतं. कमरेच्या जाड पट्ट्याला पाळण्याची दोरी बांधून झाली होती आणि पोरं मोठी झाल्यावर आता त्याच्यावर गोधड्या वाळत. गोळ्यांचा खाकी बटवा खुंटीला टांगलेला, त्यात सुया, दोरे आणि हुकांचे पुडे. बंदूक साफ करायच्या पितळी तेलाच्या कुपीत काकू शिवणयंत्राचं तेल ठेवत. लढाईच्या सामानाचा इतका शहाणा उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मी कौतुक केलं तसं नानांनी फळीवरून एक डबा काढला आणि त्यातून घडी जीर्ण झालेला कागद माझ्यापुढे पसरला. मुंबईच्या बंदरावर बोटीतून उतरताना जकातीच्या अधिकाऱ्याला दिलेली सामानाची यादी होती ती. पेटी, पट्टा, बटवा, कुपी, दोन मग, एक घोंगडी, सगळं ओळीनं, आणि शेवटी गोल शिक्का. "बठ्ठं लिखेल शे," सगळंच्या सगळं लिहिलंय, असं काकू कौतुकानं म्हणाल्या. नानांनी कागद झटकन गोळा केला. तेव्हा मला वाटलं, माझे हात तिळगुळानं चिकट आहेत म्हणून असेल.

पुढच्या वर्षी धुळ्याच्या बाजारपेठेतले एक शेठ शाखेत आले. कापसाचे मोठे व्यापारी, मूळचे राजस्थानकडचे, बोलायला फार गोड. त्यांच्याकडे शिकारीची रायफल होती, रीतसर परवान्याची. त्यांचा भाचा आफ्रिकेत दुकान चालवायचा. तो येताना मामांसाठी रायफलवर बसवायची दुर्बीण घेऊन आला होता आणि बंदरावर सांगायचं विसरला होता. शेठजींना ती परवान्यावर चढवून हवी होती. साहेब म्हणाले, अर्ज द्या, चूक झाली असं लिहा, दंड भरा, करून टाकू. आठव्या दिवशी शेठजींच्या परवान्यावर दुर्बीण चढली आणि शाखेत पेढे वाटले गेले. नानांनी पेढा घेतला नाही. तो सगळा आठवडा ते माझ्या टेबलाभोवती घुटमळत होते. अर्जात नेमकं काय लिहिलं होतं? विसरलो असं लिहिलं की लपवलं असं? लपवलं असं कुणी लिहिलं तर काय होतं? मी म्हणाले, नाना, असं लिहायला कोण वेडा बसलाय.

मग एका दुपारी मागच्या लिंबाखाली डबा खाताना त्यांनी मला सगळं सांगितलं. भाकरी तशीच हातात राहिली होती.

कांगोत त्यांच्या तुकडीत हिरामण नावाचा एक जवान होता. साक्रीकडच्या खेड्यातला, म्हणजे इतक्या दूरच्या मुलखात अगदी घरचाच माणूस. दोघं आपसांत अहिराणी बोलत तेव्हा बाकीचे हसत. हिरामणचा नेम असा की तुकडीतली दुर्बिणीची एकुलती एक रायफल त्याच्याकडे दिलेली. त्यानं घरी बापाला पत्र लिहिलं होतं, आबा, माझ्याकडे अशी काच आहे की मैलभरावरचं झाड हातात येतं, तुम्हाला एकदा दाखवायला पाहिजे. पुढे एका चौकीवर पहाऱ्यावर असताना त्याला गोळी लागली. छपरावरून तो खाली आला आणि त्याच्याबरोबर रायफलही दगडावर आली. दुर्बिणीची काच आतून तडकली. हत्यारांच्या दुरुस्तीवाल्यानं ती निकामी म्हणून वहीतून काढली आणि भंगारात टाकली. भंगारातून नानांनी ती उचलली.

"आबाला द्यायची म्हणून उचलली, ताई. दुसरं काही मनात नव्हतं."

बोटीतून उतरताना रांगेत त्यांच्या पुढे एक जवान होता. त्याच्या गाठोड्यात पिस्तुलाचं कातडी म्यान निघालं, यादीत नसलेलं. नुसतं म्यान, आत काही नाही. त्याला बाजूला घेतला आणि तो रडायला लागला. मग नानांची पाळी आली. फौजेचं आणखी काही आहे का, असं अधिकाऱ्यानं विचारलं. दुर्बीण पिठाच्या डब्यात होती. नाना म्हणाले, नाही साहेब.

फौजेतून सुटून आमच्या शाखेत लागल्यावर लगेचच ते हिरामणच्या घरी गेले. सरकारनं त्याची पेटी आधीच पाठवली होती. वस्तरा, चादर, पितळी तांब्या. म्हातारा सुपडूआबा, हिरामणचा बाप, पेटी पुन्हा पुन्हा उपसत होता. त्यानं नानांना विचारलं, काच कुठे आहे? नानांच्या पिशवीत ती होती. पण बंदरावर नाही म्हटलेलं, नुकतीच सरकारी नोकरी लागलेली, तीही बंदुकांच्या शाखेत, आणि आबाच्या घरी असली वस्तू सापडली तर म्हाताऱ्याच्या हातात बेड्या, अशी त्यांची समजूत. शिवाय काच तडकलेली. मैलभरावरचं झाड काय, अंगणातलं तुळशीवृंदावन त्यातून दिसत नव्हतं. नानांनी सांगितलं, मला ठाऊक नाही.

एवढ्यावर ते संपलं असतं तर नानांनी कदाचित निभावून नेलं असतं. पण आपल्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर पितरांच्या नावानं घागर भरतात आणि गेलेल्याच्या नावानं कुणाला तरी पाटावर बसवून जेवू घालतात. सुपडूआबानं पहिल्याच आखाजीला नानांना निरोप धाडला, हिरामणच्या नावानं तूच जेवायला यायचं. तेव्हापासून दरवर्षी नाना धुळ्याहून एस.टी.नं जात, हिरामणच्या पाटावर बसत. म्हातारी खापरावरचे मांडे आणि आमरस वाढी, नानांना हिरामण समजून आग्रह करी. आणि जेवण झालं की दर वर्षी आबा तेच विचारी. ते नानांनी मला आबाच्याच शब्दांत सांगितलं.

"पोऱ्यानी लिखेल व्हतं ना रे, त्या काचमा मैलभरनं झाड हातमा येस म्हणीसन. ती काच कथी गई?"

आठ वर्षं नानांनी हिरामणच्या पाटावर बसून, हिरामणचं जेवण जेवून, हिरामणच्या बापाला माहीत नाही असं सांगितलं होतं. हे सांगताना ते रडले वगैरे नाहीत. फक्त म्हणाले की आमरस आता घशाखाली उतरत नाही. मला मात्र रडू आलं, आणि माझाच मला राग आला, कारण मधल्या सुट्टीत बाहेर आलेले पाच-सहा लोक आमच्याकडे बघत होते.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ही दुर्बीण कुणालाही ठाऊक नाही, कुणाच्याही वहीत नाही. उद्या रविवार आहे. पिशवीत घाला, साक्रीची एस.टी. पकडा, म्हाताऱ्याच्या हातात ठेवा आणि मोकळे व्हा. नाना म्हणाले, आबाला चोरीची वस्तू कशी देऊ? हिरामणची आठवण म्हणून द्यायची ती वस्तू, तिच्यावर शिक्का नको? शेठजींना मिळाला, मग आबाला का मिळणार नाही?  शेठजी शेठ आहेत म्हणून मिळाला, हे त्यांना सांगायचा मला धीर होत नव्हता.

दुर्बीण रीतसर सुपडूआबाला द्यावी, असा अर्ज मीच लिहून दिला. निदान "अनवधानाने" असा शब्द तरी घालू या, म्हणून मी खूप विनवलं. नानांनी तो खोडायला लावला आणि "जाणूनबुजून लपवली" असं लिहायला लावलं. मी त्यांना बजावलं होतं की हा कागद आधी साहेबांना नुसता दाखवायचा, तोंडी बोलायचं, त्यांचा कल बघायचा आणि मगच टपालात टाकायचा. साहेब भले माणूस होते. कल पाहून कागद फाडून टाकता आला असता. मी जेवायला घरी गेले होते. परत आले तर आवक रजिस्टरात त्या अर्जाची नोंद झालेली होती. माझ्या जागी बसलेल्या नव्या कारकुनाकडून नानांनी स्वतः शिक्का मारून घेतला होता, आणि दुर्बिणीची लोखंडी डबी अर्जाला सुतळीनं बांधून साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. मला बघून ते इतके आनंदानं हसले की मला रागवताच येईना.

"नंबर पडला, ताई."

साहेबांनी मला आत बोलावून विचारलं, हे नोंदवायच्या आधी मला का नाही दाखवलं?  नोंद झालेला कागद मागे घेता येत नाही. त्या दिवसापासून तो कागद दौलतनानांचा राहिला नाही.

पुढची दोन वर्षं त्या अर्जानं जे हिंडावं ते हिंडला. पहिला प्रश्न असा निघाला की ज्या सुपडूआबाकडे बंदूकच नाही, त्याला बंदुकीची दुर्बीण कशाच्या आधारावर द्यायची? शेठजींच्या परवान्यावर रायफल होती, तिच्यावर दुर्बीण चढली. आबाकडे चढवायला काहीच नव्हतं. मग दुर्बीण हे शस्त्र की शस्त्राचा भाग, यावर मुंबईला विचारणा झाली. फौजेचं उत्तर आलं की ही वस्तू आमच्या वहीत नाही, ती केव्हाच काढून टाकलेली आहे. बंदरावरून उत्तर आलं की असली वस्तू उतरल्याची नोंद आमच्याकडे नाही. म्हणजे फौजेची नाही, जकातीची नाही, नानांची नाही, आबाची तर नाहीच नाही. दरम्यान ती डबी पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत जाऊन पडली होती. प्रत्येक उत्तराला मी नंबर टाकत होते आणि नाना माझ्यासमोर उभे राहून विचारत होते, काय म्हणतंय सरकार? मी म्हणत असे, विचार चालू आहे.

नानांना शिक्षा अशी झाली नाही. लेखी ताकीद मिळाली, तेवढीच. ती घेताना त्यांनी सलाम ठोकला. कित्येक वर्षांनी त्यांची पाठ ताठ दिसली असं शाखेतले लोक म्हणाले, आणि ते खरं होतं. त्या आखाजीला त्यांनी आबाला सगळं सांगून टाकलं. पाटावर बसायच्या आधी सांगितलं, म्हणजे म्हाताऱ्याला जेवू घालायचं नसेल तर नसो. म्हातारी तोंडाला पदर लावून आत गेली. आबा चिडला नाही. दहा वर्षं का छळलंस, असंही म्हणाला नाही. त्यानं एवढंच विचारलं.

"मंग माले कव्हय दखाडशी?"

निकाल लागला तो त्याच उन्हाळ्यात. वस्तू बेवारस ठरली. आमच्याकडे दर काही वर्षांनी बेवारस आणि जप्त झालेली हत्यारं एकत्र करून पंचांसमक्ष मोडत असत. आवारात लोहार ऐरण घेऊन येई, घणानं एकेक बंदूक वाकवी, आणि पंचनामा होऊन सह्या होत. त्या वर्षीच्या यादीत ठासणीच्या बंदुका होत्या, गावठी पिस्तुलं होती, तलवारी होत्या, आणि शेवटच्या ओळीत ती दुर्बीण. यादी टंकायला माझ्याकडेच आली. टंकून झाल्यावर मी ती नानांना दाखवली. त्यांनी ओळ वाचली, कागद नीट टेबलावर ठेवला आणि दोन दिवसांची रजा मागितली.

रजा संपवून मोडायच्या दिवशी ते सकाळच्या एस.टी.नं सुपडूआबाला घेऊन आले. मी आबाला तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. हाडं तेवढी राहिलेला म्हातारा, डोक्याला मोठं पागोटं, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलेला की नाना त्याला पायरी पायरी सांगत वर आणत होते. दहा वर्षांपूर्वी या डोळ्यांना दिसत असणार. हा हिशेब नानांनीही मनात केला असणार, कारण ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

लोहारानं घण चालवायला सुरुवात केली. नाना यादीतल्या वस्तू उचलून देत होते, ते त्यांचं कामच होतं. शेवटची डबी हातात आल्यावर ती त्यांनी लोहाराला दिली नाही. साहेबांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की दोन मिनिटं हवी आहेत, अर्ज लिहिलेला नाही. साहेबांनी आबाकडे पाहिलं. मग ते पाठ फिरवून उगाच लोहाराशी कोळशाच्या भावाबद्दल बोलायला लागले. त्या साहेबांबद्दल मी आजही कुणाला वाईट बोलू देत नाही.

नानांनी डबी उघडली. दुर्बीण धोतराच्या सोग्यानं पुसून आबाच्या उजव्या डोळ्याला लावली आणि तिचं तोंड दक्षिणेला, लळिंगच्या डोंगराकडे केलं. आबाचे हात नानांनी स्वतःच्या हातांनी धरून ठेवले. म्हातारा बराच वेळ बघत राहिला. काच तडकलेली, डोळा गेलेला. त्याला त्यात उजेडाखेरीज काय दिसत असेल ते देव जाणे.

"दिसस," आबा म्हणाला. मग थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "हिरामणले बी असंच दिसे का रे?"

नानांनी दुर्बीण किंचित वर करून धरली.

"हां आबा," ते म्हणाले. "असंच दिसे."

आबानं दुर्बीण स्वतःच खाली घेतली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि लोहाराच्या दिशेनं पुढे केली. एका घावात ती चेपली.

पंचनामा मी लिहीत होते. मोडण्यापूर्वीची प्रत्येक वस्तूची स्थिती त्यात लिहावी लागते. लिहून झालं की तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा आणि मग सह्या घ्यायच्या. आबा माझ्यापासून हातभर अंतरावर, व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसला होता आणि आपल्या मुलाच्या वस्तूबद्दल सरकार काय वाचतं ते ऐकायला त्यानं कान पुढे केला होता. मी वाचत वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आले. एक दुर्बीण, रायफलवर बसवावयाची, लोखंडी डबीसह. तिथं नाना खाली वाकले. आयुष्यभर कागदावरचं अक्षर न् अक्षर खरं असावं म्हणून हट्ट धरणारा माणूस माझ्या कानाशी लागून म्हणाला, "ताई, पुढचं वाचू नका."

पुढे मी लिहिलं होतं, काच तडकलेली, आरपार काहीही दिसत नाही.

मी ते वाचलं नाही. "मोडण्यात आली" एवढंच वाचून थांबले. साहेबांनी कागद पंचांपुढे सरकवला. पंचांनी सह्या केल्या. खाली नानांनी आपलं नाव लिहिलं, सावकाश, जोडून जोडून.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत माझी बदली जळगावला झाली आणि पुढे त्यांची माझी गाठ पडली नाही. पण पंचनाम्याच्या त्या दिवशी मी खिडकीशी उभी राहून त्यांना फाटकातून जाताना पाहिलं. आबानं नानांचा खांदा धरला होता आणि तो सारखा काहीतरी सांगत होता, डोंगराबद्दल असेल, झाडांबद्दल असेल. नाना पुढे बघत चालत होते आणि दर दोन पावलांनी मान हलवून त्याला हो म्हणत होते.